दुपारपर्यंतची हमी

"हुंगून बघा की, लाजता काय," असं म्हणत दादांनी कात्री धरलेला हात आणखी वर उचलला.

लाजायला रेफरीकाकांना सवड तरी कुठे होती? केस कापून घेणाऱ्याचं नाक नेमकं कापणाऱ्याच्या काखेच्या उंचीला येतं, ही या धंद्यातली जुनी अडचण आहे. गळ्याभोवती कापड आवळलेलं, कानाशी कात्री, समोर आरसा. माणूस पळणार कुठे? काकांनी निमूट श्वास ओढला. उभं आयुष्य त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकण्यात घालवलं होतं आणि निवाडा द्यायची खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्यांनी डोळे मिटले, जरा वेळ घेतला आणि वास नसल्याचं जाहीर केलं. असलाच तर संत्र्याच्या सालीचा आहे, तो काही दोष धरता यायचा नाही, असंही वर सांगितलं.

बाकावर वाट बघत बसलेली मंडळी हसली. दादांना तेवढंच हवं होतं. सकाळी सलून उघडल्यापासून आपला हात खाली आलेला नाही, अंगातून घामाच्या धारा निघताहेत आणि तरीही ही तऱ्हा, हे त्यांनी कंगव्याने हवेत रेघा ओढत सगळ्यांना पटवून दिलं. मग आरशाखालच्या फळीवर रचलेल्या चपट्या डब्यांकडे बोट दाखवलं. सगळा माल घरी केलेला. खोबरेल तेल, मेण, मक्याचं पीठ, खाण्याचा सोडा आणि संत्र्याच्या सालीचं तेल. पोटात गेलं तरी काही होणार नाही, मग काखेत काय होणार? काकांनी जाताना दोन डब्या नेल्या. बाकावरच्या एका बाईंनी नवऱ्यासाठी एक घेतली आणि ती त्याला आजच लावायला लावते, असं जरा जास्तच ठामपणे सांगितलं.

दुसऱ्या खुर्चीवर दादांचा भागीदार कुणाची तरी दाढी करत होता. तो नुसता खाकरला. त्या खाकरण्यात काय काय होतं ते एकट्या दादांना कळत होतं. कारण रोज दुपारचं जेवण झालं की दादा मागच्या खोलीत जात, दार लावून बेसिनपाशी काखा साबणाने खसाखसा धूत, सकाळच्यासारखाच दुसरा पांढरा शर्ट चढवत आणि कपाटामागे दडवलेला कंपनीच्या डिओचा जुना फवारा दोन्हीकडे मनसोक्त मारत. त्यावर नावापुरतं डबीतलं बोट फिरवलं की संत्र्याचा वास यायचा. रेफरीकाकांनी ज्याला पास केलं ते हे सगळं मिळून होतं.

आता एवढा सज्जन माणूस असा उद्योग का करत होता, ते सांगायला हवं. दादा म्हणजे सगळ्या गल्लीचे दादा. त्यामुळे त्यांची बायको ओघानेच सगळ्यांची वहिनी. या वहिनी बाजारातल्या तीन मजली दुकानात तळमजल्यावर उभ्या असायच्या, पावडरी, अत्तरं आणि डिओंच्या काउंटरवर. नाक असं तिखट की गिऱ्हाईक दारातून आत येताच कुठला साबण वापरतं ते सांगावं. तोंडही तसंच. एकदा गिऱ्हाईक हातात आलं की रिकाम्या हाताने परत जायचं नाही, आणि गंमत म्हणजे खूश होऊन जायचं. मग लोक फोनवरूनच सगळं मागवायला लागले. दुकानाने तळमजला मोबाइलवाल्यांना दिला आणि वहिनींना एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं.

घरी आल्या त्या खिडकीशी बसल्या. बसल्या म्हणजे बसल्याच. जेवायला वाढायच्या, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायच्या, आणि पुन्हा खिडकी. जो माणूस दिवसभर जगाचे केस विंचरतो त्याच्या घरात बायको विंचरल्यावाचून दिवसच्या दिवस बसलेली. दादांनी एकदा कात्री घरी आणून, "चल, जरा खालचे सारखे करून देतो," असं म्हणून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, कोण बघतंय." त्या रात्री दादांना जेवण गेलं नाही.

आणि एका संध्याकाळी ते घरात शिरतात तो ओट्यावर संत्र्याच्या सालींचा ढीग, गॅसवर पातेल्यात मेण वितळतंय आणि वहिनी पदर खोचून ओरडताहेत, की आत येताना पाय पुसायचे असतात हे आता या वयात शिकवायचं का. तो ओरडा ऐकून दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपण डबेच्या डबे विकले, आत काय आहे ते आपल्याला कधी कळलं नाही, आता आपलं आपण करून बघणार, असं वहिनींनी ढवळता ढवळता सांगितलं. प्रयोगाला उंदीर घरात होताच.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं झकास होतं. दुपारनंतर मात्र खुर्चीतलं गिऱ्हाईक मान वाकडी करायला लागलं. दादांनी ओळखलं. संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी त्यांनी काखा धुतल्या, एवढ्यासाठी की बायकोला एकदम वाईट वाटू नये. खरं ते उद्या सावकाश सांगू. घरी पोचले तर वहिनी दारातच उभ्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरून वर केला, नाक लावलं आणि हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या. झालं. त्या हसण्यावर दादा कायमचे विकले गेले.

पुढे सगळं आपोआप होत गेलं. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. सोड्याने काखा लाल होऊन चरचरायला लागल्या तेव्हा दादांनी घामोळं आल्याचं सांगितलं आणि चोरून मलम लावलं. वहिनींनी डबीवर चिठ्ठी छापून घेतली: शंभर टक्के नैसर्गिक, रसायन अजिबात नाही, सकाळी लावा आणि रात्रीपर्यंत निश्चिंत राहा. हे 'रात्रीपर्यंत' त्यांनी लिहिलं ते नवऱ्याच्या काखेवर विसंबून. साबणाचा किंवा फवाऱ्याचा वास आलाच तर तो सलूनमधला, असं त्या धरून चालत. इतकी हुशार बाई, पण तिने सगळा भरवसा एकाच माणसावर टाकला आणि तो माणूस तिच्या प्रेमात होता.

कुणी तक्रार केलीच तर दादांकडे उत्तर तयार असे. नैसर्गिक डिओ विकणाऱ्या बड्या कंपन्या फोनवर काय लिहितात ते त्यांनी वाचून ठेवलं होतं. सुरुवातीला वास वाढतो, कारण वर्षानुवर्षं साठलेली घाण शरीर बाहेर टाकत असतं. ही शुद्धी आहे, नेटाने लावत राहा. हे ऐकून गिऱ्हाईक दबून जायचं. खोटं बोल पण रेटून बोल, असं म्हणतात ते काही उगाच नाही. भागीदार मात्र खाकरत राहायचा. शेवटी दादांनी त्याला खोकल्याचं औषध आणून दिलं.

असं सगळं जोरात चाललेलं असताना औषधवाल्या बाई आल्या. बाजारात, स्टेशनबाहेर, इस्पितळासमोर, जिथे म्हणाल तिथे त्यांची औषधांची दुकानं होती. त्यांनी वहिनींची डबी कुठेतरी पाहिली होती. सगळ्या दुकानांत ठेवायची तयारी दाखवली, पण एका अटीवर. चिठ्ठीवर कुणीही काहीही छापतं, तेव्हा आपण स्वतः दिवसाच्या शेवटी दादांच्या खुर्चीत बसून केस कापून घेणार आणि मग काय ते ठरवणार. वहिनींनी क्षणाचाही विचार न करता, "उद्याच या," असं सांगितलं. त्या दिवशी त्या घरभर गाणं गुणगुणत हिंडल्या. रात्री स्वतःहून खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "घ्या, आता करा खालचे सारखे. उद्या लोक बघणार आहेत." दादांनी इतक्या निगुतीने केस आयुष्यात कुणाचे कापले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी एक मुलगी आली. कॉलेज नुकतंच संपलेलं, नेहमीची गिऱ्हाईक, कमरेपर्यंत केस. बसल्या बसल्या म्हणाली की मानेपर्यंत कापून टाका. दादा चपापले. एवढे वाढवलेले केस, घरी विचारलंस का, काही झालंय का, असं त्यांनी तऱ्हेतऱ्हेने विचारून पाहिलं. मानेवर घाम कमी येईल म्हणून, एवढंच ती म्हणाली. मग आरशातून त्यांच्याकडे न बघता हळूहळू बोलली. नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. छोटी खोली, समोर तिघं. मधल्या बाईंनी उठून खिडकी उघडली. नंतर कुणी फारसं काही विचारलंच नाही.

"डबी लावली होतीस ना?" दादांच्या तोंडून निघून गेलं.

"रोज लावते. तुम्ही म्हणालात ना, शुद्धी होते, थांब. मी थांबले, दादा. तुम्हाला होतो उपयोग, काकांना होतो, सगळ्यांना होतो. माझ्यातलीच घाण संपत नाहीये."

ती तक्रार करत नव्हती. तिला दादांचा राग आलेला नव्हता, डबीचाही नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि हे सांगताना तिने दोन्ही कोपर अंगाला घट्ट चिकटवून धरले होते. दादांनी तिचे केस जेमतेम बोटभर कापले, बाकीचे कापायला आपला हात चालत नाही असं सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर ते मागच्या खोलीत गेले.

नळ सोडला. साबण घेतला. कपाटामागचा फवारा काढून बेसिनवर ठेवला. आज तर नेहमीपेक्षा दुप्पट मारायची गरज होती, संध्याकाळी सगळंच त्यावर होतं. बाहेर भागीदाराची कात्री कुचकुच चालली होती. दादांना खिडकीशी बसलेली बायको दिसली आणि कोपर अंगाशी दाबून बसलेली ती मुलगी दिसली, आणि दोघींपैकी एकीला तरी आपण बुडवणार हे त्यांना स्वच्छ कळलं. मग नळ बंद केला, तोच सकाळचा शर्ट अंगात ठेवला आणि बाहेर येऊन पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

संध्याकाळी औषधवाल्या बाई आल्या तेव्हा वहिनी आधीच हजर होत्या. इस्त्रीचे कपडे, नीट बसवलेले केस, चेहऱ्यावर जुन्या काउंटरवरचं तेज. बाई खुर्चीत बसल्या. दादांनी कापड बांधलं, पाणी फवारलं, डावीकडून सुरुवात केली. उजवीकडे वळायला हात उचलला आणि आरशात बाईंचा चेहरा पाहिला. बाई सभ्य होत्या. त्यांनी फक्त श्वास घेणं थांबवलं.

पण वहिनींचं नाक दाराशी उभं राहूनही काम करत होतं. त्या तडक पुढे आल्या, नवऱ्याचा हात धरून वर केला आणि हुंगलं.

"आज काय झालं हो?"

"आज काही झालं नाही," दादा म्हणाले. "रोज व्हायचं. रोज दुपारी मी मागे जाऊन धुतो, शर्ट बदलतो, वर कंपनीचा फवारा मारतो. दुसऱ्या दिवसापासून. आज नाही मारला."

भागीदाराने झाडलेली जमीन पुन्हा झाडायला घेतली. औषधवाल्या बाईंची पंचाईत अशी की उठून जावं तर एकच बाजू कापून झालेली. वहिनींनी नवऱ्याचा हात सोडला. मग म्हणाल्या, "आधी त्यांचे केस पुरे करा." दादांनी केले. केस कुठेही वाकडे गेले नाहीत. कापड झटकल्यावर वहिनी बाईंना म्हणाल्या की यातली एकही डबी तुम्ही दुकानात ठेवू नका. खोटं नवरा बोलला असला तरी चिठ्ठी माझी आहे. मग त्यांनी फळीवरच्या सगळ्या डब्या एका पिशवीत भरल्या आणि कुणाकडे न बघता निघून गेल्या.

दादा घरी निघाले ते मुद्दाम लांबच्या रस्त्याने. खिडकीशी बसलेली आकृती खालूनच दिसेल, या भीतीने त्यांनी वर बघितलं नाही. जिना चढून दार लोटलं, तर खिडकी रिकामी. वहिनी ओट्याशी उभ्या राहून डब्यांवरच्या चिठ्ठ्या नखांनी खरवडून काढत होत्या, आणि चिडल्या होत्या. अशा चिडल्या होत्या की पातेली आपणहून बाजूला सरकावीत.

"मला काय काचेची समजलात? जरा धक्का लागला की फुटेन?"

"त्या दिवशी तू हसलीस गं," दादा दारातच उभे राहून म्हणाले. "इतक्या महिन्यांनी हसलीस. मला वाटलं, खरं सांगितलं तर तू परत त्या खिडकीत जाऊन बसशील."

"मी हसले ते हाताला काम मिळालं म्हणून. तुमच्या काखेसाठी नव्हे." त्यांनी आणखी एक चिठ्ठी ओरबाडली. "वास आला असता तर दुसऱ्या दिवशी सोडा कमी केला असता, मेण बदललं असतं. ते काम तुम्ही माझं खाल्लंत. इतके दिवस मी काय केलं? तुमचा साबण हुंगत बसले."

दादा आत येऊन ओट्यापाशी उभे राहिले. मग त्यांनी त्या मुलीची गोष्ट सांगितली, खिडकी उघडणाऱ्या बाईपासून शेवटच्या वाक्यापर्यंत. वहिनींचे हात थांबले. नोकरी गेली त्या दिवशीही न रडलेल्या वहिनी ओट्याला टेकून रडल्या, आणि डोळे पुसता पुसताच त्या मुलीचं घर कुठे ते विचारलं.

सकाळी दोघं तिच्या दारात उभे राहिले. वहिनींनी नवऱ्याला पुढे ढकललं. काल रात्रभर दादांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी ऐनवेळी पळाली.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "माझ्याही काखेला वास येतो. दुपारनंतर भयंकर येतो. शुद्धीबिद्धी काही नसते, ते मी कुठेतरी वाचून ठोकून दिलं होतं."

वहिनी म्हणाल्या, "तुझ्यात घाण नाही गं. घाम आहे, तो सगळ्यांना असतो. डबी कच्ची होती, आणि तिची वाहवा करणारा लबाड." मुलीने हळूच विचारलं, म्हणजे रेफरीकाकांना वास आला नाही तो? तो प्रताप साबणाचा आणि फवाऱ्याचा, असं दादांनी कबूल केलं. तेव्हा ती हसायला लागली, आणि हसता हसता दारातच खाली बसली. तिचे कोपर अंगापासून सुटले होते.

त्या दिवसापासून वहिनींनी जे आरंभलं त्याला तोड नाही. "मला आता माझ्याशी लग्न न झालेली माणसं हवीत," असं त्यांनी सलूनमध्ये जाहीर केलं, आणि गल्लीतून धरधरून माणसं आणली. बसचा ड्रायव्हर, शाळेतल्या व्यायामाच्या बाई, बँकेतला थंडगार हवेत बसणारा कारकून, इस्त्रीवाला, ती मुलगी. सकाळी प्रत्येकाने डबी लावायची, दिवसभर काहीही धुवायचं नाही, लपवायचं नाही, आणि येता-जाता सलूनच्या बाकावर येऊन हात वर करायचा. वहिनी नाक लावायच्या आणि तोंडावर सांगायच्या. ड्रायव्हरला त्यांनी पहिल्या दिवशी असं काही सांगितलं की तो खूश होऊन दुसऱ्या दिवशी दोन मित्र घेऊन आला; आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं, म्हणे. सुरुवातीला रस्त्यावरची माणसं काचेतून बघून थांबायची. मग त्यांतलीही काही आत येऊन हात वर करायला लागली. रेफरीकाका आपला आधीचा निकाल मागे घेतल्याचं सांगायला खास आले, आणि फसवणूक झाल्यामुळे दादांना लाल कार्ड देऊन गेले.

दादांना मात्र वहिनींनी मोजलं नाही. एकदा त्यांनी भीत भीत हात वर केला तर, "तुमची साक्ष रद्द आहे," असं ऐकावं लागलं. ते त्यांना लागलं. पण रागावायला तोंड कुठे होतं?

सोडा कमी होत गेला तशी कातडी लाल होणं थांबलं. मेण बदललं, पिठाचं प्रमाण बदललं. वहिनी पुन्हा पुन्हा औषधवाल्या बाईंकडे जाऊन विचारत राहिल्या, आणि त्याही आनंदाने सांगत राहिल्या. रसायन नाही असं लिहू नका, सोडा हेही रसायनच आणि पाणीही, असं त्यांनी समजावलं तेव्हा वहिनींनी तो शब्द तिथल्या तिथे काढून टाकला. अखेर एवढं नक्की झालं. ही डबी घाम थांबवत नाही. वास मात्र बहुतेकांचा दुपारपर्यंत रोखते. कारकुनाचा संध्याकाळपर्यंत, ड्रायव्हरचा पहिली फेरी संपेपर्यंत. आणि धुऊन पुन्हा लावली की पुन्हा तेवढीच टिकते. वहिनींनी हे सगळं जसंच्या तसं नव्या चिठ्ठीवर छापलं, आणि कातडी लाल झाली तर वापरू नका हेही खाली टाकलं.

औषधवाल्या बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. माल चांगला आहे, पण हे वाचून विकत कोण घेणार, असं त्या म्हणाल्या. दुकानात शेजारीच चकचकीत फवारे बहात्तर तासांची भाषा करत होते. वहिनी म्हणाल्या, "मला एक टेबल द्या आणि उभं राहू द्या. बाकी माझं मी बघते."

सुट्टीचा दिवस होता. दादांनी सलून भागीदारावर सोपवलं आणि बाजारातल्या त्या दुकानाकडे निघाले. मनात धाकधूक. टेबलापाशी चिटपाखरू नसेल, बायको एकटीच उभी असेल, आपण निदान समोर जाऊन उभं राहू, असा विचार करत ते कोपऱ्यावर वळले, आणि तिथेच थबकले. रांग दुकानाच्या दारातून बाहेर आली होती.

आतून वहिनींचा आवाज ऐकू येत होता. जुना काउंटरवरचा खणखणीत आवाज, पण त्यात आता काहीतरी नवीन होतं. एक तरुण विचारत होता की बाजूचा फवारा तीन दिवस टिकतो आणि तुमचं दुपारपर्यंतच, मग तुमचं का घ्यावं? वहिनींनी आधी त्याला काम काय करतोस ते विचारलं. गोदामात पोती उचलतो, असं कळल्यावर म्हणाल्या, "मग तुला दुपारपर्यंतसुद्धा पुरणार नाही. जेवायच्या सुट्टीत धुऊन परत लावावं लागेल. जमत नसेल तर नको घेऊ. तो फवारा खरंच तीन दिवस टिकत असेल तर चांगलंच आहे, मला माहीत नाही. हे किती टिकतं ते मात्र मी माणसं हुंगून पाहिलंय." रांगेत हशा पिकला. तरुणाने दोन डब्या घेतल्या, एक घरी आणि एक गोदामात ठेवायला. औषधवाल्या बाई गल्ल्यामागून बघत होत्या, आणि त्यांनी आतून आणखी एक खोकं मागवलं.

एका आजींना वहिनींनी, "तुम्हाला गरजच नाही," असं सांगून रिकाम्या हाताने परत पाठवलं. आजी खूश होऊन गेल्या, आणि जाताना सुनेला बरोबर घेऊन येते म्हणाल्या. दादा रांगेच्या शेवटी उभे राहिले. त्यांना फार वाटत होतं की ओरडून सगळ्यांना सांगावं, ती बघा, ती आहे ना, ती माझी बायको. टेबलामागे ती कधी नव्हे इतकी ताठ उभी होती, कपाळावर घाम चमकत होता आणि तो पुसायची तिला गरज वाटत नव्हती.

पुढे उभ्या असलेल्या बाई मागे वळल्या. बराच वेळ रांगेत उभं राहून त्या कंटाळल्या असाव्यात. त्यांनी दादांना आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही वापरलंय का हो हे? खरंच टिकतं का?"

दादांचा उजवा हात सवयीने खांद्यापर्यंत वर आला. त्यांनी तो खाली घेतला.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "तिलाच विचारा. ती खरं सांगते."

बाईंनी मान डोलावली, आणि रांग एक पाऊल पुढे सरकली.